दोन आखूड, एक लांब

उद्यापासून राजकन्येच्या दालनात कामाला लागणाऱ्या दोन पोरी, गेर्टा आणि उर्सेल, राजवाड्याच्या तळघरात चुलीपाशी शेकत बसल्या होत्या. चाळीस वर्षं वाड्यातल्या शेगड्या पेटवणारे ओस्वाल्ड आजोबा त्यांना दालनाचे नियम सांगत होते.

"आणि दार ठोठावायचं बरं का. नख लावायचं नाही."

"अहो, पण बाकीच्या दरबारांत करंगळीच्या नखानं दार खरवडतात," गेर्टा म्हणाली. "ठोठावणं म्हणजे गावंढळपणा म्हणे."

"सतरा वर्षांपूर्वी आपल्याकडेही तसंच होतं." आजोबांनी पाइप खाली ठेवला. "माझ्या बायकोची थोरली बहीण, अपोलोनिया, तेव्हा त्या दालनात दासी होती. तिच्यावर गुदरलेलं सांगतो. थापा वाटल्या तर खुशाल हसा, पण हळू हसा."

आणि ते सांगू लागले.

संत मार्टिनचा दिवस, अकरा नोव्हेंबर, शनिवार. इथं खाली हंस भाजत होते आणि नोकरमंडळी बोटं चाटत होती. वर युवराज्ञी सिडोनीनं मात्र ताटाला हात लावला नव्हता. पोर एकोणीस वर्षांची, दूरच्या दरबारातून इथं दिलेली. तिला पाच आठवड्यांची लेक होती, पण रिवाज असा की मूल दाईच्या खोलीत, वाड्याच्या पार दुसऱ्या टोकाला. आईला रोज सकाळी पाव तास बघायला मिळायचं. आदल्या हिवाळ्यात तिचा पहिला मुलगा त्याच खोलीत एका रात्रीत गेला. तिला कळलं ते पहाटे, थोरल्या बाईंनी दार खरवडलं तेव्हा.

थोरल्या बाई म्हणजे फॉन ट्रोस्टाऊ बाई, दालनाच्या मुख्य. रिवाजात त्यांनी देवालाही सूट दिली नसती. डाव्या करंगळीचं नख त्यांनी खास या कामासाठी पेरभर वाढवलं होतं. दोन आखूड ओरखडे, मग एक लांब. तो आवाज आला की युवराज्ञीच्या तोंडचं पाणी पळायचं. त्या आठवड्यात मंगळवारी थोरल्या बाई वारल्या. अपोलोनियानंच त्यांना कापूर लावून रेशमी झगा चढवला. गुरुवारी शवपेटीला खिळे ठोकले आणि पेटी प्रार्थनाघरात ठेवली.

शनिवारी संध्याकाळी युवराज्ञी म्हणाली, "पोलोनी, लेकीला खोकला झालाय. आज ती मला कुशीत हवी. घेऊन ये ना गं."

"बाईसाहेब, कुणी बघितलं तर मला हाकलून देतील."

"आणि हेही मूल गेलं तर?"

दाईला हंसाची तंगडी आणि वाइनची बाटली देऊन अपोलोनियानं झोपवलं आणि शालीखालून बाळ आणलं. आईच्या अंगाची ऊब लागताच खोकला थांबला. युवराज्ञी त्या दिवशी पहिल्यांदा हसली. अपोलोनिया दाराशी आपल्या अंथरुणावर आडवी झाली.

घड्याळात दीडचा ठोका पडला.

खर्र... खर्र...

खर्र्र्र्र.

नख ऐकलं की दासीनं ताबडतोब दार उघडायचं. कोण आहे म्हणून विचारणं म्हणजे अपमान. बारा वर्षांची सवय! अपोलोनिया झोपेतच उठली, कडी काढली, कमरेत वाकली.

मग तिला जाग आली.

बाहेर कुणी नव्हतं.

वाकलेल्या मानेवरून गार काहीतरी गेलं. रेशमाची सळसळ. कापराचा वास. सळसळ आत शिरली. पलंगापर्यंत गेली. थांबली.

"पोलोनी... कोण आहे?"



पलंगाच्या खांबावर ओरखडा. आखूड. आणखी एक. आणि मग लांब... लांब...

बाळाच्या घशात घरघर झाली. मग तीही थांबली.

"श्वास घेत नाहीये! पोलोनी, ही श्वास घेत नाहीये!"

अपोलोनियाच्या डोक्यात एक गोष्ट लख्ख आली. थोरल्या बाई निरोप मिळाल्याशिवाय या खोलीतून कधी हलल्या नव्हत्या. मेल्या म्हणून काय त्या रिवाज सोडतील?

"बाईसाहेब, त्यांना निरोप द्या! त्या वाट बघताहेत!"

युवराज्ञीनं दोन वर्षांत त्या बाईला कधी 'नाही' म्हटलं नव्हतं. ती बाळाला छातीशी धरून उठून बसली.

"फॉन ट्रोस्टाऊ बाई... लेक माझ्यापाशी राहील. तुम्ही... तुम्ही जाऊ शकता."

काही नाही.

...

मग सळसळ. मागं मागं. पाठ न दाखवता, रिवाजाप्रमाणे. तीनदा थांबली, तीन मुजऱ्यांसाठी. दार आपोआप लागलं.

बाळानं टाहो फोडला. अपोलोनिया सांगायची, आयुष्यात तिनं इतका गोड आवाज ऐकला नाही.

आजोबांनी पाइप पुन्हा उचलला. चुलीत एक लाकूड खचलं तशा दोघी पोरी दचकल्या.

"आणि ते बाळ?" उर्सेलनं विचारलं.

"उद्या जिचे केस विंचरणार आहेस, तीच. म्हणून तर तिच्या दाराला नख लावायचं नाही, असा तिच्या आईचा हुकूम आहे."

"बनवू नका आजोबा," गेर्टा म्हणाली, पण ती उर्सेलला अगदी चिकटली होती.

"दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दाईच्या खोलीत रिकामा पाळणा बघितला. उशाच्या फळीवर, आतल्या बाजूनं, तीन ओरखडे. दोन आखूड, एक लांब. आणि लांब ओरखड्याच्या टोकाला लाकडात रुतलेलं नख. पिवळं, पेरभर. सुतारानं चिमट्यानं ओढलं. निघालं नाही. पाळणा जाळायला कुणी धजेना, म्हणून तो माळ्यावर टाकला."

आजोबांनी खिशातून एक छोटी कात्री काढून दोघींच्या मधे ठेवली.

"उद्या मार्टिनचा दिवस. दर वर्षी मीच कापतो. यंदा हात थरथरतात माझे."

"काय कापता?" उर्सेलनं विचारलं.

"वर्षभरात पेरभर वाढतं गं ते."