कोपऱ्यातली फर्माईश

दिवा जरा जवळ घ्या, माझ्या ओठांवर उजेड पडू दे. तुम्ही लूमवरची, यंत्रमागावरची माणसं, तुम्हाला ओठ वाचता येतात. त्या खटखटाटात कुणाला काय ऐकू येणार? माझ्या बाबांचे कान तर त्यातच गेले. टेमघरच्या खोलीत मी त्यांच्याशी नुसते ओठ हलवून बोलायची. मी गाते हे त्यांना ठाऊक होतं, पण माझं गाणं त्यांनी कधीच ऐकलं नव्हतं. तेवढं एक दुःख मला कायम डाचायचं.

कशेळीच्या खाडीजवळच्या जुन्या ऑर्केस्ट्रा बारमध्ये मला काम मिळालं. आधीच्या गायिकेचा, ऋतिकाचा, आवाज गेला होता. पहिल्याच संध्याकाळी मालक केसरीनाथशेठ माइक देताना म्हणाले, "पोरी, सगल्यांची फर्माईश घे. त्या कोपऱ्यातल्या टेबलाची घेऊ नको."

"कोण बसतं तिथं?"

"कोन न्हाय."

मला हसूच आलं. रिकामं टेबल काय फर्माईश करणार, कप्पाळ!

बार भरला. तळलेल्या बोंबलांचा वास, ग्लासांची किणकिण, शिट्ट्या. मनोज कीबोर्डवर होता आणि माझा गळा काय लागला होता म्हणता! गाणं रंगात आलं, तेवढ्यात दुसराच वास आला. मशीनचं तेल आणि सुताची खळ... बाबा ड्युटीवरून आले की यायचा, तोच.

कोपऱ्यात एक म्हातारा बसला होता. केसांवर कापसाचा भुरा. त्याचे ओठ हलत होते.

"ऐकू येत न्हाय... आवाज दे, पोरी... आवाज दे..."

मला बाबाच आठवले. वाटलं, मोठ्यानं गा म्हणतोय बिचारा. सवयीनं मीही ओठांनीच उत्तर दिलं, "देते."

मनोजचे हात थांबले. "मेघाली, गाणं का बंद केलंस? कोणाशी बोलतेस तिकडे?"

"तो म्हातारा..." मी म्हणाले. ओठ हलले, आवाज आलाच नाही.

शेठ धावत आले. कोपऱ्याकडे न बघताच त्यांनी हळूच विचारलं, "दामू मुकादमाला हो बोललीस? मरून वर्सं झाली त्याला... ऋतिका पन लूमवाल्याचीच पोर होती गं..."

मेल्यानं हे आधी सांगायला नको? माझा नुसता संताप झाला, आणि शिवी द्यायलाही आवाज नव्हता.

रिक्षानं घरी आले. बाबा दाराकडे पाठ करून जेवत होते. खांद्याला हात लावल्याशिवाय त्यांना मी आलेली कधी कळत नाही. आज मी उंबऱ्यात पाय ठेवला आणि ते गर्रकन वळले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मेघाली... ऐकू येतंय गं मला! काय गातेस, पोरी!"

माझ्यामागून तेलाचा आणि खळीचा वास आला. मी दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं.

बाबा माझ्याकडे बघतच राहिले. हसत, जरा गोंधळून म्हणाले, "तोंड दाबून कशी गं गातेस?"