दोघांनाही हरवणारा

"मला चोर पकडून नको आहे. मला फक्त खरं उत्तर हवंय," अरुंधती पालेकर म्हणाली आणि समोरचा चहा तिने तसाच बाजूला सरकवला.

कुमुद म्हात्रेंनी तिला बोलू दिलं. गप्प बसणाऱ्यापाशी लोक जास्त बोलतात, हे खासगी तपासाच्या धंद्यात त्या केव्हाच शिकल्या होत्या. कोपऱ्यात बद्रुद्दीन बसला होता. आयुष्यभर कुवेतमध्ये गाडी चालवून पनवेलला परतलेला हा माणूस आता त्यांची गाडी चालवी, आणि प्रत्येक प्रकरणात पहिल्याच संशयिताला गुन्हेगार ठरवून मोकळा होई.

अरुंधतीची छोटी कंपनी खाड्यांमधल्या पाण्याचा अंदाज काढून होड्यांना आणि बंदरांना कळवत असे. त्यासाठी नवा सर्व्हर घ्यायचा होता. शेवटी दोन प्रोसेसर उरले. हेलिक्समध्ये कोअर, म्हणजे आत प्रत्यक्ष काम करणारे भाग, कमी; पण एकेक कोअर वेगवान. ओरबनमध्ये कोअर भरपूर. एकेकटा जरा मंद, पण एकाच वेळी खूप कामं उरकणारा आणि वीजही कमी खाणारा.

"रोडपालीला एका घराच्या तळमजल्यावरची खोली आम्ही भाड्याने घेतलीये. तिथे दोन्ही मशीनवर एकच काम देऊन चाचणी करतो. पण एकदा ओरबन मध्येच मंदावतो, पुढच्या वेळी हेलिक्स. निकालच लागत नाही. आता हेलिक्सवाल्यांनी ओरबनची इंजिनियर नाझिया, तिच्यावर घातपाताचा आरोप केलाय. तिची कंपनी तिला काढायला निघालीये."

"तुम्हाला काय वाटतं?"

"पावसाळ्याआधी सर्व्हर लागला नाही, तर माझं काम जाईल. मला एवढंच कळतं."

रोडपालीचं ते घर दुमजली होतं. खालच्या खोलीत दोन्ही मशीन शेजारी शेजारी उभी होती. कुमुद वाकून पुढच्या जाळ्या पाहू लागल्या. मशीन इथूनच थंड हवा ओढत होती. त्यांनी एका जाळीच्या कडेवरून बोट फिरवलं, मग दुसरीच्या. दोन्हीकडे बोट चिकटलं.

"चिकटपट्टीचा गोंद," त्या पुटपुटल्या.

"पॅकिंगचा असेल, ताई," बद्रुद्दीन म्हणाला.

हेलिक्सचा इंजिनियर प्रणित तावातच होता. त्याने स्क्रीनवर आलेख उघडला. "हे बघा. चाचणी सुरू करून आम्ही वर जेवायला जातो. जेवण अर्ध्यावर असताना तापमान चढतं, पंखे किंचाळायला लागतात. तापला की प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. आणि आम्ही खाली यायच्या जरा आधी सगळं पुन्हा थंड!"

"हे बाहेरून, नेटवरून करता येतं?"

"पंख्यांची सेटिंग बदलून येईल. पण सेटिंगला कुणी हात लावलेला नाही. म्हणजे ती खोलीत येऊन काहीतरी करते. जेवताना नमाजला म्हणून उठते ना!"

"आणि तुम्ही?"

"मी पानावरून उठत नाही. हो, कधीतरी फोन आला तर गॅलरीत जातो. एवढंच."

नाझिया शांत होती. बरेच दिवस झोप न झालेल्या माणसाची ती शांतता होती.

"मी वरच्याच खोलीत नमाज पढते. दार उघडं असतं. संपली की परत पानावर. आणि स्वतःचंच मशीन मी कशाला बिघडवेन, मॅडम? ओरबन पण मंद पडला होता."

"पहिल्यांदा कधी पडला?"

"पहिल्याच दिवशी. तेव्हा तर साधी चूक होती. काकांनी रिकामं खोकं मशीनच्या पुढे लावून ठेवलं होतं. मी म्हटलं, काका, हवा अडली की याचा दम कोंडतो. बिचारे किती वेळा माफी मागत होते! चाचणी पुन्हा घ्यावी लागली, तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांना जेवायलाच बोलावलं. तेव्हापासून रोज तिथेच जेवतो. बाहेरचं मटण-चिकन मी खात नाही म्हणून रोज मासळी करतात."

काका म्हणजे घरमालक आनंदा नाखवा, उरणच्या बंदरातून निवृत्त झालेले. ते वर टेबलावर ताटं मांडत होते. आतल्या खोलीत टीव्ही मोठ्याने चालू होता. बघायला कुणी नव्हतं.

"पोरी न्यूझीलंडला हायेत," ते म्हणाले. "पोरींची आय गुणाबाई गेली, मंग घर लय मोठं झालं. आता ही पोरं येतात तं बरं वाटतं. तुमी पन बसा ना."

"काका, जेवताना खाली कोण जातं?"

"कोन नाय. मीच जातो, सोलकढी आनायला. फ्रिज नि शेगडी खालीच हाय. मंग जेवनं झाली का च्याचं आधन ठेवाया. तुमी सुरमई खाता ना?"

कुमुदनी मान हलवली आणि त्या जिन्याकडे वळल्या.

जिना उतरताना बद्रुद्दीन कुजबुजला, "प्रणितच, ताई. स्वतः केलं आणि आळ त्या पोरीवर घातला."

"मग स्वतःचा हेलिक्स त्याने का पाडला?"



दुपारी कुमुदनी सगळ्यांना त्याच टेबलाभोवती बसवलं. अरुंधतीही बेलापूरच्या ऑफिसातून आली होती.

"आपण सगळे विचारत होतो, कोण जिंकावं म्हणून हे केलं," कुमुद म्हणाल्या. "प्रणितला हेलिक्स जिंकायला हवा होता, नाझियाला ओरबन. पण करणाऱ्याने दोघांनाही हरवलं. म्हणजे त्याला कुणीच जिंकायला नको होतं. निकाल लांबला, तर अरुंधतीबाईंचं कामच जातं. त्या हे करणार नाहीत."

प्रणित काही बोलणार होता. त्यांनी हात वर केला.

"दोन्ही जाळ्यांवर गोंद आहे. पॅकिंगची पट्टी हवा ओढायच्या जाळीवर कुणी लावत नाही. कुणीतरी पुठ्ठा चिकटवून हवा अडवत होतं. आलेख सांगतो, जेवण अर्ध्यावर असताना हवा अडली आणि तुम्ही उतरायच्या आधी मोकळी झाली. म्हणजे तो माणूस दोनदा खाली गेला. नाझिया एकदाच उठते आणि वरच असते. प्रणित फोनला गॅलरीत जातो. मध्ये एकदा आणि शेवटी सगळ्यांच्या आधी, असं दोनदा खाली जाणारा माणूस या घरात एकच आहे. हवा अडली की काय होतं, हेही त्यांना पहिल्याच दिवशी नाझियाने समजावलं होतं."

आनंदाकाकांनी हातातला डाव पातेल्यात ठेवला.

"पयल्या दिशी खरंच चुकलो होतो," ते हळू म्हणाले. "पन चाचनी परत घ्याची झाली, नि पोरं दुसऱ्या दिशी परत आली. मला वाटलं, अजून एक दिस. मंग अजून एक. मशिनीला कायच होत नाय, जरा दमतात, एवढंच ना..."

"माझी नोकरी गेली असती, काका." नाझियाचा आवाज फाटला. "मला कंपनीचे फोन येत होते ते तुम्ही ऐकत होता. आणि मला वाढत होता?"

"सांगनार होतो मी. रोज उठलो का ठरवायचो."

"पण सांगितलं नाहीत."

काकांनी मान खाली घातली. बद्रुद्दीन कुमुदच्या खुर्चीपाशी येऊन वाकला. "ताई, कुवेतला आमच्या खोलीत एकजण बरं नाही म्हणून खोटंच सांगायचा," तो कुमुदना हलक्या आवाजात म्हणाला. "विचारपूस करायला कुणी यावं म्हणून."

त्याच दुपारी खोलीला कुलूप घालून चाचणी झाली. एकाच खाडीचा अंदाज हेलिक्सने आधी काढला. सगळ्या खाड्यांचा एकदम काढायला सांगितल्यावर ओरबन पुढे गेला, वीजही त्याने कमी घेतली. पण अंदाजाच्या सॉफ्टवेअरचा परवाना कोअरमागे विकत घ्यावा लागे, आणि जितके कोअर जास्त तितका खर्च जास्त; ओरबन त्यात महाग पडत होता. अरुंधतीने हिशेब पुन्हा पुन्हा तपासला.

"हेलिक्स," ती म्हणाली. "नाझिया, तुझ्या कंपनीला मी स्वतः कळवते. तुझा काही दोष नव्हता, हे लेखी देते."

"हरले ते खरं हरले. चालेल," नाझिया म्हणाली आणि तारा गुंडाळू लागली. काका दारात उभे होते. ती त्यांच्याकडे न बघता निघून गेली.

प्रणित घुटमळला. "काका, मी... येईन कधीतरी," तो म्हणाला आणि गेला.

अरुंधतीने पोलिसांत तक्रार नको म्हणून सांगितलं. कुमुद सगळ्यांत शेवटी निघाल्या. काका वर गेले होते. ताटं उचलल्याचा आवाज आला, मग तोही थांबला.

फाटकाबाहेर नाझिया स्कूटरवर बसलेली होती. हेल्मेट घातलेलं, किल्ली लावलेली; पण तिने गाडी सुरू केली नव्हती. ती वरच्या गॅलरीकडे बघत होती.

बद्रुद्दीन तिला काही विचारणार, एवढ्यात कुमुदनी त्याचा दंड धरला आणि त्याला गाडीकडे नेलं.