बनुबाईची किल्ली

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि वर म्हणाले, "मॅडमना काहीतरी जमवायला लावा. मजा येईल असं काही. प्रत्येक वस्तू कुठली, कुणी दिली, हे आठवून लिहायचं. डोकं चालतं राहतं."

मॅडम म्हणजे स्टेला, माझी बायको. राहात्यात तिने छत्तीस वर्षं बालवाडी शिकवली. अर्ध्या गावाची नावं तिनेच पाटीवर गिरवून घेतलेली, आणि आता तिलाच नावं सापडेनाशी झाली होती. आधी भाजीवाल्याचं गेलं, मग चर्चच्या पाळकसाहेबांचं, मग जावयाचं. माझं अजून शाबूत होतं. सकाळी चहा देताना मी सहज विचारल्यासारखं विचारायचो, "कोण आलंय चहा घेऊन?"

"शमुवेल, आणखी कोण! रोज काय तेच तेच विचारता?"

ती चिडली की मला बरं वाटायचं. त्या एका नावासाठी मी रोज जीव मुठीत धरून चहा करत होतो.

काय जमवायचं यावर आठवडाभर आमची जुंपली. तिकिटं नकोत, हल्ली पत्र कोण पाठवतं. शंख-शिंपले म्हटलं तर समुद्र कुठाय. बाटल्यांची झाकणं मी नामंजूर केली, उगाच घरभर मुंग्या. शेवटी किल्ल्या ठरल्या. त्यात माझा स्वार्थ होता, कारण मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवायचो. किल्ली हातात आली की कुलूप डोळ्यांपुढे उभं राहतं माझ्या.

शिर्डीतले लॉजवाले आता दारांना कार्डाने उघडणारी कुलपं लावायला लागलेत. वाल्मिक नावाचा माझा जुना विद्यार्थी तिथल्या एका लॉजवर देखभालीला आहे. त्याने पितळी बिल्ल्यांच्या किल्ल्या गोणीभर आणून टाकल्या. स्टेला खुलली. जुन्या लग्नपत्रिका कापून तिने चिठ्ठ्या केल्या आणि दोऱ्याने एकेका किल्लीला बांधल्या. कुठली, कुणी दिली. तिसरी ओळ तिने आपल्या मनाने वाढवली: आत कोण.

"हे काय आता?"

"अहो, कुलपाआड कुणीतरी असतंच की."

किल्ली मुठीत धरून ती डोळे मिटायची आणि लिहायची. 'म्हातारी, पाय दुखतात.' 'कुणी नाही, पंखा चालू.' मी मनात हसायचो. एकदा शेजारच्या पंकजाने तिच्या घराची जादा किल्ली दिली. स्टेलाने लिहिलं, 'गॅस चालू.' पंकजा धावत गेली, तर दुधाचं पातेलं जळून कोळसा झालेलं. मी म्हटलं, योगायोग. पंकजा विसरभोळी आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

जानेवारीत एका नातेवाइकांच्या साखरपुड्याहून येताना आम्ही शनिशिंगणापूरला चहाला थांबलो. बनुबाई नावाच्या बाई रस्त्यालगत तेल आणि रुईच्या माळा विकत होत्या. मागे त्यांचं घर होतं. चौकट होती, पडदा होता, दार नव्हतं. बोलता बोलता स्टेलाने माझं आयटीआयचं सांगितलं आणि सवयीने त्यांच्याकडे किल्ली मागितली. मी जीभ चावली. सगळं सोडून या गावात किल्ली मागायची!

पण बनुबाई हसल्या, आत गेल्या आणि वीतभर लांबीची लोखंडी किल्ली घेऊन आल्या.

"माझ्या सासूच्या सासूपासनं हाय. घराला दारच न्हाई, मंग हिला कुलूप कुठलं? न्या तुमी." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पर मास्तर, हिला लावायला काय करू नका. जागा न्हाई तवर बरी हाय ती."

घरी आल्यावर स्टेलाने दोन ओळी लिहिल्या आणि तिसरीवर अडली. किल्ली मुठीत घ्यायची, खाली ठेवायची, पुन्हा घ्यायची.

"हिला आतच नाही," ती म्हणाली.

चार दिवस ती नीट जेवली नाही. ती कोरी ओळ तिला टोचत होती. तिला अस्वस्थ होऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मग मी मला जे येतं ते केलं. त्या किल्लीला कुलूप बनवलं.

आठ दिवस लागले. आत चार लिव्हरच्या पट्ट्या, प्रत्येक कानशीने घासून किल्लीच्या दात्याला बसवलेली. आत शिलाई मशीनचं तेल सोडलं. व्हाइसच्या पकडीत धरलेलं नुसतं कुलूप. त्याच्यामागे दार नाही, पेटी नाही, काही नाही. मी किल्ली फिरवली. 'कट्' असा सुरेख आवाज आला. मी खूश झालो.

उलटी फिरवली तर फिरेना.

अशी फजिती माझी पहिल्या वर्षाच्या पोरांसमोरसुद्धा झाली नव्हती. लिव्हर अडकला असेल, उद्या बघू, म्हणून मी ते कुलूप अडकलेल्या किल्लीसकट स्टेलाला तसंच दिलं. तिने ते कानाला लावलं आणि शांत होऊन जेवायला बसली.

सकाळी मी चहा नेला. "कोण आलंय चहा घेऊन?"

तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग पदर सारखा केला.

"बसा ना. आमचे हे आत आहेत, येतील इतक्यात."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो. आजाराला पायऱ्या असतात, डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. डोळे पुसताना दिसलं, उजव्या हाताच्या मुठीवरची सालटं निघाली होती. कानस निसटली असेल. मी मलम लावलं.

दुसऱ्या दिवशी ती जखम वाढली होती. कानशीला मी हात लावला नव्हता.

स्टेला कुलूप मांडीवर घेऊन बसायची. मध्येच म्हणायची, "किती ठोठावतात हो!" किल्लीला बांधलेली चिठ्ठी मी वाचली. कुठली: शिंगणापूर. कुणी दिली: बनुबाई. आत कोण: शमुवेल.

बनुबाईंच्या दुकानाच्या फलकाचा फोटो मोबाईलमध्ये होता. त्यावरच्या नंबरला फोन लावला, राहात्याचा मास्तर बोलतोय म्हटलं.

"कुलूप केलं का तुमी?"

"केलं. उघडत नाहीये."

 मागून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

"मास्तर, मंग भाईर कोन ऱ्हायलंय?"

फोन ठेवला आणि हॅक्सॉ काढली. कुलूप कापायचं, संपलं. स्टेलाने ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

"कापू नका. लागेल त्यांना."

मी पातं खाली ठेवलं. मला भीती वाटली. माझ्या आयुष्यात मी लोखंडाला कधी भ्यालो नव्हतो.

रविवारी उपासनेहून आलो आणि आमच्या मुलीचा, आराधनाचा, पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. मी मोबाईल टेबलावर उभा केला आणि स्टेलाशेजारी बसलो. हात मांडीवर ठेवले.

"मम्मी, शेजारी कोण बसलंय?"

"कोण जाणे बाई. चांगले आहेत. चहा करतात."

आराधनाने मोबाईल जवळ घेतला. "आणि पप्पा कुठायत?"

स्टेलाने कुलूप कानाशी नेलं आणि ऐकत राहिली.

"आहेत. थकलेत आज. हळू ठोठावतायत."

मी जराही हललो नव्हतो. तरी मांडीवर काहीतरी ओलं लागलं.

खाली पाहिलं. मुठीवरची सगळी सालटं ताजी निघाली होती. मी हात नाकाशी नेला. रक्ताला शिलाई मशीनच्या तेलाचा वास येत होता.