टेपवरची शांतता

"आजोबा, तुमच्या पिक्चरमध्ये रडून राहिली ती बाई कोण?"

हे विचारायची पैज माझ्या मैत्रिणींनी, अनुश्री आणि गंधालीनं लावली होती. दोघी सोफ्यावर उशा तोंडावर दाबून बसलेल्या. मी नुकतंच अख्ख्या शाळेसमोर भाषण ठोकलेलं, आजोबांना काय घाबरायचं?

पिक्चर जुना, दूरदर्शनच्या काळातला, भुताचा. अभनपूरकडच्या एका बंद पडलेल्या वेड्यांच्या इस्पितळात शूटिंग झालेलं. आवाजाचं काम शरच्चंद्र आजोबांकडे, म्हणजे माझ्याच आजोबांकडे होतं. त्यांची कॅसेट मी सदर बाजारातून पेनड्राइव्हवर करून आणली. भूत इतकं भंगार की चादरीखालून चपला दिसतात. पण प्रत्येक सीनच्या तळाशी, अगदी बारीक, एक बाई रडते.

"कोणीच नाही," आजोबा म्हणाले. "सीन झाला का रिकाम्या खोलीची शांतता टेपवर घ्यायचो. सगळे श्वास रोखून उभे. मग तीच संवादांखाली लावायची. ते शांतताच आहे, पोट्टे."

"मग रडतं कोण?"

"तिथं घरचे लोक माणसं सोडून जायचे. न्यायले कोणी परत नाही यायचं." त्यांनी टीव्हीकडे बोट केलं. "बंद कर ते."

"दादाजी, आपका भूत तो चप्पल पहना है," गंधाली खिदळली.

मी कूलर बंद केला आणि आवाज वाढवला. रडणं थांबलं होतं. पडद्यावर नटांचे ओठ हलत होते, त्यांचा आवाज येत नव्हता. त्याऐवजी त्या बाईचा आला.

"आलं का हो कोणी, मले न्यायले?"

कोणी काहीही विचारलं, तरी आम्हा रायपूरच्या पोरींच्या तोंडून पहिला शब्द होकाराचाच निघतो. नीट ऐकायच्या आधीच.

"हव," मी म्हणाले.

आजोबांनी डोळे मिटले. "इतकी वर्षं मी तिले उत्तर दिलं नव्हतं."

टीव्हीतून आता खरंच काही येत नव्हतं. साधी खरखरही नाही.

अनुश्री, गंधाली चपला हातात घेऊनच पळाल्या.

संध्याकाळी आई-बाबा ऑफिसातून आले. "फिनाइलचा वास काहून येऊन राहिला घरात?" बाबा दारातूनच म्हणाले. आजोबा भिंतीकडे तोंड करून बसले होते.

आई माझ्या खोलीच्या दारात थबकली. तिच्या मागे बाबा.

मी पलंगावर बसून तिची वेणी घालत होते. फणीत पांढरे केस येत होते. लांब, ओले.

"आई, बाबा, माझं ठरलंय," मी म्हणाले. "हिला परत त्या इस्पितळात पाठवायचं नाही."