पाटील, पाटलीण आणि नवा हौद

विहिरीतून अशी बोंब उठली, की फुलाच्या डोक्यावरची शेणाची पाटी धप्पकन खाली आली.

ती धावत काठाशी गेली आणि वाकून पाहिलं. पार खाली, गुडघाभर पाण्यात, एक अनोळखी तरुण एका पायावर नाचत होता. खाकी पँट मांडीपर्यंत गुंडाळलेली, कपाळावर ग्रीसचा काळा पट्टा... आणि उजव्या हाताच्या बोटाला लटकलेलं कासव!

"वढू नका!" फुला ओरडली. "वढलं त अजून घट्ट धरते ते!"

"मंग काय करू? बोट देऊन टाकू त्याले?"

"हात पान्यात घाला. कासवासंगट. अन् गुमान उभे राहा."

तो गुमान उभा राहिला. पाणी लागल्यावर कासवाचा राग हळूहळू उतरला, जबडा सैल झाला, आणि ते बुडुक करून गाळात शिरलं.

"सोडलं वो! सोडलं!" तो लहान पोरासारखा आनंदानं ओरडला. फुलानं पदर तोंडात कोंबला, पण हसू काही आवरेना.

"हासता काय? रगत निंगून राह्यलं इथं!"

"त्या कासवीच्या घरात शिरले तुमी. तिनं काय आरती ओवाळाव?"

त्यानं वर पाहिलं. डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून त्यानं हात आडवा धरला — आणि मग सूर्य ढगाआड गेला तरी तो तसाच पाहत राहिला.

कासवाच्या घरात शिरला यात त्या बिचाऱ्याचा दोष नव्हता म्हणा. साल त्रेसष्टचं, वैशाख रणरणत होता, आणि महागावजवळच्या मारोतरावांच्या, म्हणजे फुलाच्या वडलांच्या, विहिरीनं तळ दाखवला होता. मारोतरावांनी ठरवलं, विहीर खोल करायची आणि मोटेला रामराम ठोकून इंजिन बसवायचं. म्हणून पुसदच्या रहेमान उस्तादांकडून हा मिस्त्री आला होता. नाव गुणवंत, बाभुळगावच्या किसनरावांचा धाकटा. घरी कापूस-तुरीची चांगली शेती, पण याला वेड इंजिनांचं. उरलेलं पाणी उपसायला त्यानं पाइप खाली सोडला, पाइपाचं तोंड गाळात रुतलं, आणि ते मोकळं करायला त्यानं हात घातला तो थेट कासवाच्या तोंडात.

आता आपल्याकडे कोणती विहीर बिनकासवाची असते? किडे खातं, अळ्या खातं, पाणी गोड ठेवतं. मारोतरावांच्या विहिरीत तर दोन होती. मोठं, सुस्त, ढिम्म न हलणारं, ते पाटील. लहान, चपळ आणि चावरी, ती पाटलीण. नावं फुलानंच ठेवलेली. गावच्या पाटलांच्या कानावर मात्र ती कोणी जाऊ दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी विहिरीत सुरुंग लागायचे होते. "आधी माही कासवं वर काढा," फुलाची आई मैनाबाई ठणकावून म्हणाली. "पानी लागेपर्यंत घरी राहतीन. मंग काय फोडाचं ते फोडा."

कासवं घरी आली, घंगाळात बसली, आणि तासाभरात पाटलीण घंगाळातून पसार झाली. सापडली ती चुलीमागे, लाकडांच्या ढिगात. मैनाबाईनं केलेला आरडाओरडा शेजारच्या तीन घरांनी ऐकला.

गुणवंत ओसरीवर चहा पीत होता. बोटाला चिंधी बांधलेली. "मी हौद बांधून देतो," तो म्हणाला. "इंजिनच्या पायाचं सिमेंट उरीनच."

"तुमाले बांधता येते?" फुलानं दारातूनच विचारलं.

"बोट गेलं असतं त नसतं आलं. तुमी वाचवलं, मंग बांधाच लागते."

दिवसभर विहिरीवर खपायचं आणि सांज झाली की अंगणातल्या निंबाखाली हौद बांधायचा, असं त्याचं सुरू झालं. काय तो हौद! घोटून घोटून असा गुळगुळीत केला, की मैनाबाई म्हणाली, यात त लक्ष्मी बसवाव. सिमेंट पुरतं वाळतं न वाळतं तोच त्यानं पाणी भरलं. "सोडा आता," तो फुलाला म्हणाला आणि बाजूला सरकून उभा राहिला. कासवांकडे त्याचं लक्ष नव्हतं. फुलाचं तोंड आनंदानं कसं फुलतं, ते त्याला पाहायचं होतं. ते फुललंही.

पण दोन दिवसांत सगळं बिनसलं. पाटलानं मान बाहेर काढली नाही. पाटलीण भिंतीला नखं घासत चढायची, पडायची, पुन्हा चढायची. टाकलेली भाजी तशीच तरंगत राहिली. सकाळी फुलानं पाहिलं तर दोघांचेही डोळे सुजून मिटलेले.

गुणवंत शीळ घालत सायकलवरून उतरला, आणि फुलानं त्याला फाटकातच गाठलं.

"काय बांधलं हे तुमी? हौद का मसनवट?"

तिच्या डोळ्यांतलं पाणी पाहून त्याची शीळ जागीच विरली. त्यानं हौदात हात घातला, बोटं एकमेकांवर चोळली. पाणी बुळबुळीत लागत होतं. "चुना सुटला," तो हळू आवाजात म्हणाला. "नवं सिमेंट हाय. आधी पानी भराचं, सांडाचं, पुन्हा भराचं — असं आठ-पंधरा रोज कराव लागते. मले मालूम होतं."

"मालूम होतं? मंग येवढी घाई कायची होती?"

तो जमिनीकडे पाहू लागला. पायानं खडा सरकवला. "तुमाले दाखवाची..."

आता असं कोणी म्हटल्यावर भांडावं तरी कसं? फुलानं भांडायला उघडलेलं तोंड तसंच मिटलं आणि ती घंगाळ आणायला आत पळाली.

कासवं पुन्हा घंगाळात गेली, वर टोपलं, टोपल्यावर वरवंटा. फुला मऊ फडक्यानं त्यांचे डोळे पुसायची. भांड्यावरचा चुन्याचा थर चिंचेनं निघतो, तर हौदाचा का निघू नये, म्हणून तिनं घरातली चिंच काढली. एका बाजूनं तो घासतोय, दुसऱ्या बाजूनं ती. कोपऱ्यात हातांची गाठ पडायची, दोघंही एकदम थांबायचे, आणि मग दोघंही पुन्हा घासलेलाच भाग घासत बसायचे. त्या हौदाचा तो कोपरा फारच स्वच्छ निघाला.

रोज पाणी भरलं, रोज सांडलं. शेवटी पाणी बोटाला बुळबुळीत लागेनासं झालं, तेव्हा फुला म्हणाली, "आता यात गाळ टाका."

"गाळ? घोटून घोटून हात मोडले माहे!"

"मोडू द्या. त्याहिले लपाले गाळ लागते. चकाकी तुमाले लागते, कासवाले नाई."

तोंड एवढंसं करून त्यानं आपल्या लाडक्या हौदात विहिरीचा काळा गाळ ओतला. मग ऊन खायला अर्धा पाण्याबाहेर राहील असा चपटा दगड ठेवला, आणि सावलीसाठी निम्म्या हौदावर बांबूचा तट्ट्या टाकला. पाटील सावकाश दगडावर चढला, चारही पाय पसरून उन्हात पडला. फुलानं टाळ्या वाजवल्या. गुणवंत तिच्याकडे पाहत होता, हे तिला न पाहताही कळत होतं.

दुसऱ्यांच्या गोष्टींत प्रियकर मोगऱ्याचे गजरे आणतात. आमचा गुणवंत गांडुळं आणायचा! पूस नदीच्या काठानं येताना डब्यात कधी गांडुळं, कधी बारीक मासोळ्या. फुला हातानं भरवायची. पाटलीण आता तिच्या बोटांतून अलगद घास घ्यायची, आणि गुणवंतनं हात पुढं केला की मान आत.

"आज काय आनलं?"

"गोगलगाई. निवडून निवडून."

"अन् माह्यासाठी?" बोलून गेली, आणि मग जीभच चावली तिनं.

त्यानं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाला, "तुमाले काय आवडते, ते सांगतलंच नाई कधी."

"गोगलगाई नाई आवडत."

दुसऱ्या दिवशी डब्यासोबत पळसाच्या पानात टेंभुर्णीची पिवळी फळं आली. फुलानं ती कोणालाही न देता, एकटीनं, निंबाखाली बसून खाल्ली.

आणि मग विहिरीला पाणी लागलं. खडकातून असा झरा फुटला की दोन रोजांत खालच्या पायऱ्या बुडाल्या. इंजिन सुरू झालं, गावानं पेढे खाल्ले. आता कासवं विहिरीत जाणार, आणि गुणवंतला मारोतरावांच्या अंगणात काही काम उरणार नाही.

"सोडाव का कासवं?" मारोतरावांनी विचारलं.

"पाटलाचा डोळा अजून चिकटते, बाबा," फुला म्हणाली.

"हाव, काकाजी," गुणवंत लगेच म्हणाला, "अन् पाटलीनची पाठ नरमच हाय जराशी. ऊन पाह्यजे."

मारोतरावांनी हौदात पाहिलं. पाटील दोन्ही डोळे टक्क उघडून त्यांच्याकडे पाहत होता. "असंन बाप्पा," ते म्हणाले आणि मिशीत काहीतरी पुटपुटत निघून गेले.

असं किती दिवस चालणार? एका संध्याकाळी फुला हौदाशी बसली होती. मान वर न करताच ती म्हणाली, "सोमवारी उमरखेडचे पाहुने येऊन राह्यले. मले पाहाले."

ती थांबली. त्यानं काहीतरी बोलावं म्हणून थांबली. तो पाण्यात नुसतं बोट फिरवत राहिला.

"कापसाची अडत हाय म्हन्तात त्याहिची," ती पुन्हा म्हणाली.

"चांगलं घर असंन," तो म्हणाला. "माह्या अंगाले त रोज डिझलचा वास येते."

"मी वासाचं इचारलं का?"

तो पाण्यात बोट फिरवतच राहिला. फुलाला स्वतःचाच भयंकर राग आला. "मंग सकाळी सोडून देऊ कासवं. बरी त कवाचीच झाली हायत."

"कवाची?"

"तुमाले बी मालूम हाय, कवाची."

तो चहा न घेताच गेला. सायकलचा आवाज दूर गेल्यावर फुला हौदाच्या काठावर डोकं टेकून रडली. माझा जीव जडला गं त्याच्यावर, असं तिनं पाटलिणीला सांगितलं. दुसऱ्या कोणाला सांगणार?

सकाळी सगळे विहिरीवर जमले. मैनाबाईनं दोन्ही कासवांना हळदकुंकू लावलं. गुणवंत आला होता, डोळे तांबारलेले. टोपली घेऊन तो पायऱ्या उतरला. पाटलाला त्यानं पाण्यालगतच्या पायरीवर ठेवलं. पाटील तिथंच बसून राहिला. मग गुणवंतनं टोपलीत पाहिलं, वर फुलाकडे पाहिलं... आणि पाटलिणीला घेऊन तसाच वर आला.

"काय झालं रे?" मारोतराव म्हणाले.

"काकाजी, आमच्या बाभुळगावच्या वावरात औंदा नवी विहीर खोदली," तो एका दमात म्हणाला. "कासव नाई तीत. हे एक द्या मले."

"ने की. पन सांगून ठेवतो, हे कोनाच्या हातचं खात नाई. फुलाच्याच हातचं खाते."

"हाव न," गुणवंत म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "म्हनूनच... म्हनूनच इचारून राह्यलो, काकाजी. दोघीहिले न्याव म्हन्तो."

फुलाच्या छातीत इंजिनच सुरू झालं. मैनाबाईनं तोंडावर हात ठेवला. आणि मारोतराव? ते इतके जोरात हसले की काठच्या झाडावरची पाखरं उडाली.

"त्या कासवाचे डोळे बरे होऊन महिना झाला, पोट्ट्या! मी रोज पाह्यतो. म्हन्लं, हा आज बोलीन, उद्या बोलीन... शेवटी उमरखेडच्याहिले बोलवाची पाळी आनली माह्यावर! आता त्याहिले येऊ नका म्हून निरोप, अन् किसनरावाले या म्हून. पन आधी तिले त इचार, लेका."

गुणवंत फुलासमोर येऊन उभा राहिला. डिझेलचा वास आला. इतका चांगला वास तिनं उभ्या आयुष्यात घेतला नव्हता.

"फुला... येशीन तू?"

तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. फुलानं डोळे पुसले. "आधी सांगा, विहीर बांधली कायनं? नवं सिमेंट त नाई न?"

"दगडानं. निव्वळ दगडानं, वो!"

"मंग येतो आमी दोघी."

"अन् माहा पाटील एकटाच राह्यते का?" मैनाबाई कडाडली. "जोडी तोडता? जा, त्याले बी आन वर. आमी पाहू आमच्या विहिरीले दुसरं."

पाटील अजून पायरीवरच बसला होता. गुणवंत हसत हसत खाली गेला, मागं वळून वर पाहत पाहतच हात पुढं केला, आणि त्या सुस्त, ढिम्म पाटलानं आयुष्यात पहिल्यांदा चपळाई दाखवली. बोट धरलं ते धरलंच!

पण आज बोंब उठली नाही. फुला काठावरून वाकली. "वढू नका! हात पान्यात घाला न!"

तो वर तिच्याकडे पाहत तसाच उभा होता, बोटाला कासव, आणि तोंडभर हसू.

"घालतो न," खालून आवाज आला. "आता घाई कायची हाय?"