बदलीचा अर्ज

लॉकर उघडला, तर आत दागिने नव्हतेच.

लखनौच्या महानगर भागातल्या त्या बँकेच्या तळघरात एप्रिलचा उकाडा साचून राहिला होता. वीज सकाळपासून चौथ्यांदा गेली होती आणि अनघा किल्ल्यांचा जुडगा घेऊन जनरेटरच्या घरघरीत उभी होती. पहाटे पाचला उठायचं, बाबांच्या गुडघ्याला शेक द्यायचा, डबे भरायचे आणि मग इथे यायचं... अठ्ठाविसाव्या वर्षीच तिला आपण साठीच्या झालोत असं वाटायला लागलं होतं.

समोरचा तरुण त्याच्या आजीचा लॉकर बंद करायला आला होता. आजी जानेवारीत गेली होती. आतल्या वस्तूंची यादी अनघाच्या समोर व्हावी, असा नियम होता. त्याने कोपरापर्यंत हात आत घातला आणि लाल खणात गुंडाळलेली एक जाड वही बाहेर काढली.

"बस... यही?" त्याने चार पानं उलटली. "अरे, ये तो मराठी में है."

"मग? तुमचं नावही वेदांत आगाशेच आहे की," अनघा म्हणाली.

त्याने चमकून वर पाहिलं. "आप मराठी हैं?"

"लखनौची मराठी. घरात वरण-भात, दाराबाहेर 'हाँ भैया'."

तो हसला. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, पण हसणं मात्र ताजं होतं. "मला समजते. बोलता भी हूँ, थोडी थोडी... पण हे अक्षर —" त्याने वही तिच्यापुढे धरली. "पणजीची असेल. माणिक नाव होतं तिचं."

पहिल्या पानावर लिहिलं होतं — 'लखनौ, १९१३. आज मी पंधरा वर्षांची झाले. घरात कुणाला आठवण नाही, ते बरेच झाले.'

अनघाने ती ओळ दोनदा वाचली. यादीत 'वही – एक' असं लिहिलं. आणि मग, का कोण जाणे, तिच्या तोंडून निघून गेलं, "मी वाचून दाखवीन तुम्हाला."

बँकेला सुट्टी असलेल्या शनिवारी ती बाबांना व्यायामासाठी दवाखान्यात घेऊन जायची. दोन तास बाहेरच्या बाकावर बसून राहायचं, एवढंच तिचं काम. आता त्या बाकावर वेदांत यायला लागला. चिनहटच्या कारखान्यातली पाळी संपवून तो थेट तिथेच यायचा, कपड्यांना तेलाचा वास घेऊन. ती वाचायची, तो ऐकायचा... आणि दहा मिनिटांत पेंगायचा.

"कुठपर्यंत ऐकलंत?"

"सब सुना! ती त्या घोडागाडीत, इक्क्यात बसली."

"त्याला चार पानं झाली."

"तुमची आवाजच अशी आहे..."

"आवाज 'तुमचा' असतो. आणि कसा आहे?"

"सोने नहीं देती, ऐसा तो नहीं कह सकता," तो म्हणाला, आणि अनघाला हसू आवरेना. शेजारी बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी माना वळवून पाहिलं.

माणिकची गोष्ट हळूहळू उलगडत गेली. वडील रेल्वेच्या कारखान्यात नोकरीला म्हणून घर लखनौला आलेलं. बाराव्या वर्षी लग्न, तेराव्या वर्षी वैधव्य. नवऱ्याचा चेहरा तिला धड आठवतही नव्हता. भावाची पुस्तकं चोरून वाचता वाचता एक दिवस तिने वडिलांना सरळ सांगितलं, मला शाळेत घाला, नाहीतर मी जेवणार नाही. वडील तिसऱ्या दिवशी नमले. पुढे लिहिलं होतं, 'आज प्रथमच एकटीने इक्का केला. इक्केवाल्याने विचारले, साथ में कौन है? मी म्हटले, मैं हूँ.'

"वा!" वेदांत त्या दिवशी टक्क जागा होता. "घरी तर वेगळंच सांगतात. पणजोबा मोठे सुधारक, त्यांनी बिचाऱ्या विधवेचा उद्धार केला, वगैरा."

"ही बिचारी वाटते तुम्हाला?"

"बिलकुल नाही. आणि हे 'तुम्हाला' बंद कर ना, यार."

तिने बंद केलं.

विसाव्या वर्षी माणिक मुलींच्या शाळेत शिक्षिका झाली आणि भावाचं घर सोडून वेगळ्या खोलीत राहायला गेली. 'आज खोलीला माझे कुलूप लावले. किल्ली कमरेला खोचली आहे. चालताना वाजते. वाजू दे.' हे वाचताना अनघाचा आवाज अडखळला. वेदांतने पाण्याची बाटली तिच्याकडे सरकवली, आणि ती घेताना बोटं बोटांना लागली ती दोघांनीही लगेच काढली नाहीत.

जूनच्या शेवटी तिला बढतीचं पत्र आलं. हे तिसरं. पहिलं तिने आईच्या शेवटच्या आजारपणात नाकारलं होतं, दुसरं बाबांच्या गुडघ्यापायी. आता नाही म्हटलं, तर पुढची कित्येक वर्षं त्याच खुर्चीत. आणि हो म्हटलं, तर बदली बहराइचला — बसने तीन-चार तास.

त्या रविवारी वेदांतने तिला मलिहाबादला नेलं. त्याच्या मित्राची दशहरी आंब्यांची बाग होती. झाडांखाली गारवा होता, पाडाच्या आंब्यांचा गोड वास होता. तिने त्याला पत्राचं सांगितलं. तो बराच वेळ हातातला आंबा नुसता दाबत राहिला.

"अनघा... शादी कर लेते हैं."

तिच्या छातीत लक्कन काहीतरी हललं. आणि तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "नवरा लखनौत असला की बायकोला लखनौतच ठेवतात ना? नियम आहे, मी पता केला. एक अर्ज द्यायचा. तुला कहीं जाना ही नहीं पड़ेगा."

तिच्या हातातल्या आंब्याचा रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. तिने तो पुसला नाही.

"हे तू मला मागणी घालतोयस, की बदलीचा अर्ज भरतोयस?"

"मतलब... दोन्ही होऊन जातील —"

"आईला मी हवी होते, म्हणून थांबले. बाबांना हवी होते, म्हणून थांबले. आता तुझ्यासाठी थांबू?" ती चिडली नव्हती. चिडायलाही त्राण लागतं. "दमलेय रे मी थांबून थांबून. घरी सोड मला."

पुढच्या सुट्टीच्या शनिवारी बाकावर ती एकटीच होती. वही तिच्याकडेच राहिली होती. उरलेली पानं तिने एकटीने वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत. घरी आल्यावर तिने कुकर लावायच्या आधीच बाबांना सांगून टाकलं, मी बहराइचला जातेय.

बाबांनी पेपर खाली ठेवला. "आणि मी इथे एकटा?"

"हो, बाबा. गुडघा बरा झालाय तुमचा. परवा कपूरथला चौकापर्यंत चालत जाऊन समोसे खाल्लेत. दुकानदार सांगत होता."

दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. दोन्ही दिवस अनघाला धड झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. घसा खाकरून म्हणाले, "डाळीला शिट्ट्या किती?"

"चार," ती म्हणाली, आणि डोळे पुसायला तिने पाठ फिरवली.

बहराइचची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. नळाला तासभरच पाणी यायचं, शाखेत माणसं कमी आणि गर्दी फार. पण संध्याकाळी खोलीवर आलं की तिच्याकडून कुणाला काही नको असायचं. पहिले आठ दिवस ती नुसती झोपली. मग एका संध्याकाळी तिने वेदांतला लिहिलं — 'वही न्यायला ये. शेवटची पानं ऐकायची राहिलीत.'

ऑगस्टातल्या एका रविवारी तो आला. बसने अंग खिळखिळं झालेलं, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. तिने चहा दिला. गच्चीवर भुरभुर पाऊस होता, म्हणून दोघं जिन्यातच बसली आणि ती वाचू लागली.

'आज मीच विचारले, माझ्याशी लग्न कराल का? ते गोंधळले. म्हणाले, लोक म्हणतील मी तुमचा उद्धार केला. मी म्हटले, म्हणू देत, खरे आपल्या दोघांना ठाऊक असले म्हणजे पुरे. शाळा मात्र सोडणार नाही. ते म्हणाले, सोडा असे मी म्हटलेच कुठे?'

वेदांत खो खो हसायला लागला. "म्हणजे शंभर साल से घर में गलत कहानी चल रही है?"

"साफ चुकीची."

हसणं ओसरलं तसा तो वाकून स्वतःच्या पावलांकडे बघत राहिला. "मलिहाबादला मी जे बोललो... तू जाशील याची भीती वाटली, इतकंच होतं ते. भीतीला मी अर्ज बनवला. सॉरी, अनघा." तिच्याकडे बघून तो म्हणाला, "पण अर्ज नसता, तरी विचारलंच असतं. कधी तरी. हिंमत होईल तेव्हा."

पावसाचा शिंतोडा जिन्यात आला. अनघाने वही मिटली.

"तू मला आवडतोस," ती म्हणाली. इतकं साधं वाक्य, पण बोलून झाल्यावर तिला धाप लागल्यासारखं झालं. "लग्नही तुझ्याशीच करायचंय. पण इथली तीन वर्षं मी पुरी करणार. त्यानंतर बँक कुठे पाठवेल, ते मलाही माहीत नाही. गोंडा म्हणतील, बलिया म्हणतील... चालेल?"

त्याने गंभीरपणे विचार केला. खरंच केला, कपाळाला आठी घालून.

"वहाँ बस जाती है ना?"

"बस सगळीकडे जाते."

"तो ठीक है," तो म्हणाला, आणि तिचा हात त्याने दोन्ही हातांत घेतला.