शितांनी चिकटवलेली पट्टी

"काकू, प्लीज, इथून उठा ना!" पद्मजाने तिसऱ्यांदा विनवलं.

"अगं, आत्ता कुठे टेकलेय," कांचनकाकू हसल्या. आठवा महिना, पाय सुजलेले. भिंतीची सावली त्यांना सोडवत नव्हती. याच काकूंनी पद्मजाला मराठी वाचायला शिकवलं होतं, तेही एकदाही न रागावता!

१९८४ची उन्हाळी सुट्टी. अमेरिकेतल्या नेपरव्हिलची सात मराठी कुटुंबं दोन तासांवरच्या एका खेड्यात सहलीला आली होती. कुणा लहरी श्रीमंताने फ्रान्समधला मध्ययुगीन बालेकिल्ला सुटा करून बोटीने इथे आणला आणि पुन्हा उभारला. पुढे श्रीमंत गेला, उरले भग्न अवशेष. काकूंचे यजमान गुरुदत्तकाका सिव्हिल इंजिनियर. त्यांनी ताडपत्री ताणून तिचा दोर भिंतीतल्या कडीला करकचून बांधला. तेव्हापासून कडीजवळच्या भेगेतून खालच्या लोणच्याच्या बरणीवर पांढरी भुकटी पडत होती!

पद्मजाने ती दाखवली, तर काका म्हणाले, "आठशे वर्षं उभी आहे भिंत! आजच पडणार होय?"

"दगड आठशे वर्षांचे," तिचा मित्र प्रसन्न कुजबुजला. "भिंत तर इथे पन्नास वर्षांपूर्वी बांधलीय!"

"वी नीड प्रूफ, यार!" त्यांच्या टोळीतला धाकटा संजीव म्हणाला.

पद्मजाला आठवलं, आई भारतात पाठवायची पाकिटं भाताच्या शितांनी चिकटवते. तिने डब्यातली चार शितं घेतली आणि भेगेवर कागदाची पट्टी आडवी चिकटवली. उन्हाळी हवेत ती कडक वाळली. बारा वाजता पाहिलं, तर पट्टी मधोमध फाटलेली! म्हणजे भेग रुंदावत होती.

"वाऱ्याने फाटली असेल. जा, जेवून घ्या," काकांनी उडवून लावलं.

"आपलं कुणी ऐकणार नाही," पद्मजा म्हणाली. "पण श्रीखंडाचं?"

दोघा मुलांनी पातेलं उचललं आणि थेट लांबच्या मेपलच्या झाडाखाली नेलं. संजीवने आरोळी ठोकली, "श्रीखंड संपत आलंऽऽ!"

काय ती पळापळ! वाटी घेऊन सर्वांत पुढे गुरुदत्तकाकाच. पद्मजाने काकूंना हात देऊन उठवलं आणि हळूहळू चालवत नेलं.

त्या मेपलखाली टेकतात न टेकतात तोच वाऱ्याचा झोत आला. ताडपत्री फुगली, दोर ताणला गेला आणि धडाड्! वरचे तीन दगड काकूंच्या सतरंजीवर कोसळले.

पद्मजाची आई म्हणाली, "शितावरून भाताची परीक्षा ऐकली होती, भिंतीची आज पाहिली! शाब्बास, पोरांनो!"

काकूंनी पद्मजाचा हात आपल्या पोटावर ठेवला. आतून टुणकन लाथ बसली. "बघ, तुझे आभार मानतोय," त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या.

गुरुदत्तकाका पुढे आले. "पोरांनो, चुकलो मी. तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही." त्यांनी फाटकी पट्टी मागून घेतली आणि पाकिटात इंजिनियरच्या कार्डाशेजारी ठेवली. मग आपली भरलेली वाटी पद्मजाच्या हातात दिली.